विहिरीची साक्ष आणि नारळाची चटणी

आमच्या देवळाच्या आवारात, चिंचेच्या अंगाला एक विहीर आहे. बहात्तरच्या दुष्काळात खोदलेली. तिची एक गोष्ट आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत वर्षानुवर्षं सांगितली जाते. गावात पाण्याचा टिपूस नव्हता, तेव्हा मंडळीतला एक तरुण माणूस गुडघ्यावर बसला, त्यानं प्रार्थना केली आणि देवानं चिंचेखाली उजेड पाडून त्याला पाण्याची जागा दाखवली, अशी ती गोष्ट.

तो तरुण माणूस मी. आणि उजेड पडला नव्हता.

हे मी आमच्या मंडळीसमोर उभं राहून सांगितलं आहे. पण माझी जुनी साक्ष माझ्या पायांपेक्षा लांब जाऊन बसली. लेकीबाळींबरोबर ती पाटोद्याकडं गेली, ऊसतोडीला जाणाऱ्यांबरोबर कारखान्याजवळच्या झोपड्यांवर, कोप्यांवर गेली. प्रत्येकाला गाठून 'अहो, ते तसं नव्हतं' असं म्हणत फिरणं या वयात जमणार नाही. म्हणून लिहून ठेवतो.

त्या काळी मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो आणि मंडळीचा कारभारीही. मंडळी म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला राहणारी आमची मूठभर ख्रिस्ती घरं. पत्र्याचं देऊळ, पुढं खांबाला टांगलेली घंटा, मागं चिंच आणि बरीच मोकळी जागा. पाळकसाहेब अंबाजोगाईहून एसटीनं यायचे आणि फाट्यापासून चालत. सोसायटी मात्र अख्ख्या गावाची. चेअरमन लिंगायत, पेठेत त्यांचं किराणा दुकान. लहानथोर सगळे त्यांना अप्पा म्हणत. दूध मोजून झालं, कॅन गाडीवर चढले, की मी अप्पांच्या ओट्यावर बसून कपबशीत चहा प्यायचो. माझे वडील हे लांबून बघत उभे राहायचे. त्यांच्या वडलांना गावच्या आडापासून दूर थांबावं लागायचं, कुणाला दया येऊन वरून घागरीत पाणी ओतीपर्यंत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं.

दुष्काळ पडला तसे सोसायटीचे कॅन अर्धे जायला लागले, मग तळाशी खळखळ वाजत जायला लागले. जनावरं उभ्या जागी वाळत होती. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती. त्या कामातून सोसायटीला एक सार्वजनिक विहीर मिळण्याजोगी होती. अडचण एकच होती, जागा कुणाची? त्या बैठकीत जे झालं ते मला आजही ऐकू येतं.

"माझ्या बांधाला खोदा की. जागा फुकट देतो."

"देतो म्हणं! अन् इहीर झाल्यावर मोट कोण लावणार बे? तूच ना?"

"मंग तुझ्या परड्यात खोदू का? तुझी म्हैस तेवढी पिऊ दे."

अप्पा तंबाखू मळत सगळं ऐकत होते. शेवटी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्यांच्या देवळाचं आवार घ्या. ती जागा कुणाच्याच बापाची न्हाई. म्हंजी भांडायला कुणी उरत न्हाई."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. ज्या गावानं माझ्या आज्याला आडाला शिवू दिलं नाही, ते गाव पाणी प्यायला आमच्या आवारात येणार होतं.

पाळकसाहेबांना फार आनंद झाला. त्यांनी अट मात्र घातली. आवारात नारळ फोडायचा नाही, बकरं कापायचं नाही आणि पाणाड्या आणायचा नाही. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ नाहीतर हातात झाडाचा फाटा धरून जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस. आमच्याकडं त्याच्याशिवाय कुणी विहिरीला कुदळ लावत नाही. "आपण प्रार्थना करू," साहेब म्हणाले. "जागा प्रभू दाखवील."

ती अट मी सोसायटीत सांगितली तेव्हा हशा पिकला.

"पाणाड्या नको? मंग तुमचा देव काय चिठ्ठी टाकणार हाय का?"

"टाकू दे की," अप्पा म्हणाले. "आपल्याला पाणी पायजे. टपाल कुणाचं का असंना."

आमच्यात प्रार्थना मोठ्यानं करतात आणि सगळे एकदम करतात. बाहेरून ऐकणाऱ्याला गलका वाटेल, पण आत बसलं की प्रत्येकाचा आवाज आपापल्या वाटेनं जातो. त्या आठवड्यात मंडळी रोज जमली. कामावरून आलेल्या बायका हातापायाची धूळ न झटकता गुडघ्यावर बसायच्या. मीही बसायचो. माझ्या मनात मात्र एकच, कोरडी निघाली तर? गाव काय म्हणेल? अप्पांचा ओटा राहील का? मी देवाकडं मागत होतो आणि त्याच वेळी दुसरं कोण देईल ते शोधत होतो. माझी प्रार्थना दाराकडं डोळा लावून बसली होती. वाट बघण्याइतका भरवसा माझ्यापाशी नव्हता. सगळं झालं ते त्यामुळं.

सिरसाळ्याच्या बाजारात कळलं की पाटोद्याकडचा एक पाणाड्या तिथं सोयऱ्यांकडं उतरला आहे. लांबचा माणूस, आमच्या गावात त्याला ओळखणारं कुणी नाही. मी त्याला गाठलं. तो आला तो रणरणत्या दुपारी, सगळं गाव खडीवर असताना. माझी बायकोही कामावर होती. आवारात आम्ही दोघंच. धोतराचा सोगा खोचून तो तळहातावर आडवा नारळ घेऊन चालायला लागला. देवळाच्या भिंतीला वळसा घालून चिंचेजवळ आला आणि नारळ हळूच उभा राहिला. मी डोळ्यांनी पाहिलं. तो नारळ कसा उभा राहतो ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही.

"हितं हाय," तो म्हणाला. "वरच हाय. लई खाली जायची गरज न्हाई."

त्यानं पायानं एक दगड सरकवून ठेवला. मी म्हटलं, "हे कुणाला सांगू नका."

तो हसला. "मला काय! पाणी लागलं तर पाणी थोडंच माझं नाव सांगणार हाय?" आणि नारळ माझ्या हातात दिला. "ठेव. पाणी लागल्यावर फोड."

मी तो नारळ घरात कणगीच्या मागं लपवला.

रविवारी उपासना झाल्यावर साहेबांनी विचारलं, "कुणाला काही दिसलं?" बाहेर चिंचेवर कावळा ओरडत होता. मी उभा राहिलो. "मी गुडघ्यावर होतो," मी म्हणालो. "चिंचेच्या अंगाची जागा मला दाखवली गेली." एवढंच. उजेड वगैरे काही नाही. लोकांनी 'आमेन' म्हटलं. माझी बायको बायकांच्या बाजूला बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, वर पत्र्याकडं बघत होती.

घरी आलो. ताटात लाल भाकरी आणि शेजारी पांढरीशुभ्र नारळाची चटणी. त्या वर्षी आमच्या घरात मिरचीसुद्धा जपून वापरली जायची.

"नारळ कुठला?" मी मूर्खासारखं विचारलं.

"तुमाला ठाऊक," ती म्हणाली. "देवदूत ठिवून गेला वाटतं कणगीमागं. चांगला निघाला. नासका न्हाई."

मी खाली मान घालून जेवलो. तिनं ताट उचलताना म्हटलं, "सायेब अजून हाईत. फाट्यावर जायच्या आधी सांगा. उद्या हे लई जड हुईल."

"पाणी लागू दे. मंग सांगतो."

"पाण्याचा अन् ह्याचा काय संबंध?"

मी उठून हात धुवायला गेलो.

खोदकाम सुरू झालं. माती गेली, मुरूम गेला आणि खाली काळा पाषाण लागला. पाणाड्यानं सांगितलेलं 'वरच' कधीच मागं पडलं. सुरुंग लावायचे, दगड वर काढायचे, खाली उतरून बघायचं, तर धूळ. काम करणारे आपल्याच गावचे, ते काय सोडतात!

"काय सचिवसायेब, तुमच्या देवानं जागा दावली, खोली सांगायची इसरला का?"

"आरं, तो वर राहतो. त्याला खालचं काय ठाऊक?"

मी त्यांच्याबरोबर हसायचो. घरी गेलो की एकच हिशोब करत पडायचो. विहीर कोरडी निघाली, तर दोष देवावर जाणार होता. मी त्याला न विचारताच जामीन उभा केला होता.

एके दिवशी पहाटे मी दोर बघायला आवारात गेलो. काढलेल्या दगडांच्या ढिगावर माझी बायको बसली होती. शेजारी खडीची पाटी. कामावर जायच्या आधी ती तिथं थांबली होती, आणि रोज थांबत असावी, कारण तिच्या बसण्याची जागा दगडांत झाली होती. डोळे मिटून ती मोठ्यानं बोलत होती, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं.

"प्रभू, पाणी लागलं तर तुझी दया. न्हाई लागलं तरी तू हाइसच, आमी कुठं जाणार? तेवढं माझ्या माणसाला खरं बोलू दे. त्याच्या घशात अडकलंय ते."

मी आल्या पावली परत फिरलो. तिनं मला पाहिलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो सुरुंग उडाला. लावला होता तळाला, पण दगड फुटला तो बाजूनं. देवळाकडची कड ढासळली आणि सगळा राडा खाली पडला. काम करणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. आता तो राडा उपसण्यातच आठवडा जाणार. उपसायला उतरलेल्या माणसानं वर ओरडून सांगितलं की कडेची माती हाताला गार लागते. मग ती काळी पडली. मग तिच्यातून पाण्याची एक बारीक रेघ आली, आणि सांज व्हायच्या आत ती मनगटाएवढी झाली. पाणाड्यानं दाखवलेल्या तळातून थेंबही आला नाही. मी ज्या बाजूचं नावही घेतलं नव्हतं, त्या बाजूनं पाणी आलं.

सगळं गाव लोटलं. अप्पांनी आवाराच्या तोंडाशी चपला काढल्या. का काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडील पोहऱ्यानं पाणी शेंदत होते. अप्पा त्यांच्यासमोर वाकले आणि ओंजळ धरून म्हणाले, "वत रं दादा." वडलांनी ओतलं. अप्पांच्या मागं दुसरा वाकला, मग तिसरा. वडील शेंदत राहिले आणि ओतत राहिले. दमले तरी पोहरा कुणाच्या हातात देईनात.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. पण त्या पोहऱ्याकडं बघितलं आणि माझं तोंड बंद झालं. वाटलं, खरं सांगितलं तर हे पाणी वडलांच्या हातून परत घेतलं जाईल. आज कळतं की तसं काही झालं नसतं. पाणी पाणीच राहिलं असतं.

पुढं दरवर्षी कापणीच्या सणाला मला साक्ष द्यायला उभं करायला लागले. या सणाला आमचे लोक शेतातलं पहिलं धान्य, भोपळे, कोंबड्या देवळात आणतात, त्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, होतो आणि पंगत बसते. बाहेरगावचे पाळक येतात. नवा पाळक आला की त्याला विहिरीची गोष्ट ऐकायची असते. माझं ते एक वाक्य वाढायला लागलं. 'दाखवली गेली' याचं 'मला दिसली' झालं. एका वर्षी एका पाहुण्यानं विचारलं, "दिसली म्हणजे कशी?" आणि मी म्हणालो, "उजेड पडल्यासारखी." पुढच्या वर्षी 'सारखी' गळून पडलं.

माझ्या बायकोनं मला एकदाही टोकलं नाही. तिनं एक केलं. दरवर्षी कापणीच्या सणाला पंगतीसाठी ती नारळाची चटणी करून आणायची. पाहुणे बोटं चाटायचे. "काकू, मराठवाड्यात अशी चटणी कुठं मिळत नाही," म्हणायचे. ती म्हणायची, "ह्यांना इचारा, नारळ ह्यांनीच आणलता." आणि माझ्या ताटात सगळ्यांपेक्षा मोठा गोळा वाढायची. मी तो शेवटच्या कणापर्यंत संपवायचो.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ती शेवटची पडून होती, तेव्हा त्या वेळचे पाळकसाहेब भेटायला आले. प्रार्थनेत काय विनंती करू, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "माझी एक इनंती जुनी हाय. अर्धी झाली, अर्धी ऱ्हायली. देवाला ठाऊक हाय, तुमी नुसतं आमेन म्हणा." साहेबांनी प्रार्थना केली. मी तिच्या पायाशी उभा होतो. आमेन म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

ती गेल्यावरही मी साक्ष देत राहिलो. आता पंगतीत चटणी नव्हती, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. ते फार जड गेलं.

मग अलीकडचा तो दुष्काळ आला. टँकरचे दिवस. आमच्या शेजारच्या घरातली सून, नवरा वारलेली, मला मामा म्हणते. नवराबायकोनं बरीच वर्षं ऊसतोड केली आणि पुन्हा कोयता हातात धरायचा नाही म्हणून मोसंबी लावली. नवरा आजारानं गेला. झाडं फळावर आली आणि विहीर आटली. झाडं गेली असती, तर तिला लेकीला शाळेतून काढून पुन्हा टोळीबरोबर जावं लागणार होतं. दोनदा तिनं बोअर घेतला, दोन्ही वेळा नुसता फुफाटा उडाला. मग तिनं देवळात येणं बंद केलं. आताचे पाळकसाहेब मला म्हणाले, "तुम्ही जा. तुमचा शब्द ती ऐकेल. तुमची साक्ष तिला तोंडपाठ आहे."

मी गेलो. ती मोसंबीच्या आळ्यात वाळली पानं भरत होती. गळून पडलेली हिरवी फळं वाटाण्याएवढी, पायाखाली कुरकुरत होती.

"बसा मामा. पाणी देऊ का? टँकरचं हाय."

"देवळात कावून येईना गेलीस?"

तिनं हातातली पानं खाली टाकली. "मामा, एक खरं सांगा. तो उजेड कसला होता? पांढरा का पिवळा?"

मी काठीनं आळ्यातली माती उकरायला लागलो.

"न्हाई, मला समजून घ्यायचंय," ती म्हणाली. "म्या पण उपास केला. गुडघ्यावर बसले, हितंच, ह्या रानात. म्हणलं, मामाला दावलीस तशी मला जागा दाव. दुपारचा उन्हाचा एक कवडसा त्या बांधावर पडला. पांढरा लख्ख. म्या म्हणलं, हाच. तिथं बोअर घेतला, धूळ निघाली. मंग वाटलं, तुमचा उजेड पिवळा असंल. सांजच्याला पिवळं ऊन जिथं टिकतं तिथं दुसरा घेतला. तिथं पण तेच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमाला दावतो अन् मला न्हाई. म्हंजी माझ्यातच काहीतरी पाप हाय ना मामा? का नवऱ्याबरोबर देवानं मलाही टाकलं?"

माझा घसा ज्या वाक्यावर इतकी वर्षं बंद होता, ते तिथंच, वाळल्या पानांत बसून बाहेर आलं. "बाई, उजेड नव्हता. पांढरा न्हाई अन् पिवळा पण न्हाई. पाणाड्या होता. त्याच्या हातात नारळ होता. मी त्याला चोरून आणलता."

सगळं सांगितलं. कणगी, चटणी, दगडांच्या ढिगावरची प्रार्थना, कडेनं आलेलं पाणी. ती ऐकत होती. माझं संपल्यावर ती वाळली पानं मुठीत चुरत राहिली. मला वाटलं, आता मला रानातून हाकलून देईल.

"तुमच्या उजेडापायी मामा," ती शेवटी म्हणाली, "म्या सहा महिने सोताला शिव्या दिल्या. देवाला पण दिल्या." मग तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "अन् मामीनं दरसाल चटणी खाऊ घातली तुमाला? सगळ्या पंगतीसमोर?"

"दरसाल."

ती हसली. रडत होती आणि हसत होती. "लई जबर बाई होती!" ती म्हणाली. मलाही हसू आलं. बायको गेल्यानंतर मी असा हसलो नव्हतो. माझ्या छातीवरचा एक धोंडा तिथंच त्या आळ्यात सुटून पडला.

नंतर तिनं विचारलं, "मामीची इनंती पुन्हा सांगा. कशी होती?"

मी सांगितली. पाणी लागलं तर तुझी दया, न्हाई लागलं तरी तू हाइसच. तिनं ती ओठांत एकदा म्हणून पाहिली, मीठ चाखून बघावं तशी. "हे जमंल," ती म्हणाली. "जागा मागायला न्हाई जमत. हे जमंल."

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला वेदीपुढं दोन भोपळे, थोडी तूर आणि एक कोंबडी, एवढंच होतं. मी काठी टेकत उभा राहिलो आणि तिला सांगितलं तेच मंडळीला सांगितलं. देवानं मला जागा दाखवली नव्हती. मी घाबरलो होतो, वाट बघितली नाही आणि त्याच्या नावावर दुसऱ्याचा शब्द खपवला. पाणी आलं ते ना माझ्या उजेडानं, ना त्याच्या नारळानं. कुणीच बोट न दाखवलेल्या बाजूनं आलं. त्याला दया म्हणतात एवढंच मला ठाऊक आहे. आणि जिनं त्या वेळी खरी प्रार्थना केली, तिनं जागा मागितलीच नव्हती.

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. पत्रा तापून तडतडत होता. मग मागच्या रांगेतला, लहानपणी त्या विहिरीत पोहायला शिकलेला आणि आता पन्नाशीला आलेला एकजण म्हणाला, "म्हंजी इतकी वर्सं आमी पाणाड्याच्या नारळाला हात जोडलेत का?" एक बाई फसकन हसली आणि मग सगळं देऊळ. पाळकसाहेब हसले नाहीत. ते खाली उतरले, माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "आता विनंती सांगा." मोसंबीवाली सूनही त्या दिवशी देवळात येऊन बसली होती; तिच्याकडं बोट करून मी म्हणालो, "माझी झाली, साहेब. आजच पुरी झाली. हिच्या झाडांसाठी करा."

मंडळी गुडघ्यावर बसली. तोच गलका, प्रत्येकाचा आवाज आपापल्या वाटेनं. या वेळी माझा डोळा दाराकडं नव्हता.

तिच्या रानात पाणी लागलं नाही. तिनं पुन्हा बोअर घेतला नाही. आमच्या आवारातल्या विहिरीला मात्र त्या उन्हाळ्यातही तळाशी कमरेएवढं पाणी होतं. सोसायटीत आता अप्पांचा नातू चेअरमन आहे. मी त्याला म्हटलं, दूध टाकून येणारी गाडी रिकामे कॅन घेऊन परत येते, ते कॅन धुऊन भरू दे. "भरा की," तो म्हणाला. "आमच्या आज्यानं ह्याच आवारात चपला काढल्या होत्या." मंडळीतली आणि वरच्या आळीतली माणसं आळीपाळीनं शेंदायची, गाडी तिच्या बांधाला थांबायची, आणि कॅननं मोसंबीच्या बुडाशी पाणी पडायचं. बरीच झाडं वाळली. जी जगली ती आजही आहेत. लेक शाळेत राहिली.

पुढच्या कापणीच्या सणाला तिनं टोपलीभर मोसंबी आणली. साल जाड, आत रस थोडा, पण हर्रासात त्यांच्यावर उड्या पडल्या. मी आदल्या दिवशी सिरसाळ्याहून एक नारळ आणला होता. दारात बसून तो फोडला, आयुष्यात पहिल्यांदा खवला, बोट सोलून घेतलं आणि पाट्यावर चटणी वाटली. पंगतीत मी स्वतः वाढायला उठलो. पहिला गोळा तिच्या ताटात टाकला.

तिनं बोटानं चाखली आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा, मीठ इसरलात."

"मिठाचं सांगायचं तुझ्या मामीचं ऱ्हायलं असंल."

"आणा हिकडं," म्हणत तिनं चटणीचं भांडं माझ्या हातातून घेतलं, मीठ घालून कालवलं आणि पंगतीत वाढत पुढं गेली.